सर्जरी का घेतलीत? किंवा घेता घेता का सोडलीत?

भाची इंटर्नशिपला आहे. घरात रोज तोच वाद, सर्जरी की मेडिसिन. बहिणीचं म्हणणं, रेडिओलॉजी घे आणि रात्री झोप. मला यातलं बिल भरण्यापलीकडे काही कळत नाही. डॉक्टर मंडळींनो, तुमचं कसं ठरलं? सल्ला नको, घडलं ते लिहा.

डीव्हरधारी
कॅज्युअल्टीत रात्री अडीचला एक शेतमजूर आला, पोट लाकडासारखं कडक. एक्स-रेत डायफ्रामखाली हवेची चंद्रकोर दिसली, म्हणजे अल्सर फुटलेला. रजिस्ट्रार मॅडमनी मला वॉश-अप व्हायला सांगितलं आणि हातात डीव्हर रिट्रॅक्टर दिला, म्हणजे पोटाची जखम उघडी धरायचं वाकडं पातं. दीड तास नुसता ओढून धरला. बोटं बधिर, नाकाला खाज, आणि जरा सैल सोडला की शिवी. मग मॅडम म्हणाल्या, "बघ, हे भोक." पेन्सिलीच्या टोकाएवढं! तीन टाके, त्यावर ओमेंटमचा, म्हणजे पोटातल्याच चरबीच्या पडद्याचा, पदर बांधला, पोट धुतलं. आठव्या दिवशी तो माणूस वॉर्डाबाहेर चहा पीत उभा. त्याने मला ओळखलंही नाही. माझं ठरलं ते तिथे. मॅडम तेव्हा रागीट नसत्या तर कदाचित लवकर ठरलं असतं, इतकंच.

कानसेन
रँकने ठरवलं. काउन्सेलिंगमध्ये डोळ्यांदेखत ऑर्थोच्या सीटा संपल्या, ईएनटी उरलं. पहिले सहा महिने तोंड पाडून काढले. मग मायक्रोस्कोपखाली कानातलं स्टेपीज पाहिलं, जेमतेम 3 मिमीचं हाड. आता कोणी ऑर्थो फुकट दिलं तरी नको.

हाडवैद्यीण
"बाई, हाडं ओढायला ताकद लागते, गायनॅक घे." हे सरांनी, काकांनी आणि ओटीतल्या मामांनीसुद्धा ऐकवलं. निखळलेला खांदा बसवताना ताकद लावली तर हाड मोडायची भीती. पेशंट सैल पडेपर्यंत थांबायचं असतं, आणि थांबणं मला जमतं. अडचण वेगळीच निघाली. सातव्या महिन्यात, एक्स-रेपासून बचावासाठी घालतात त्या शिशाच्या एप्रनचा पट्टा लागेना. युनिटमध्ये मोठ्या मापाचा एप्रन मागणारी मी पहिलीच.

निवृत्त
आमच्या वेळी सर्जरी म्हणजे राजा ब्रँच, प्रश्नच नव्हता. 1990 साली जे. जे.त डॉ. उडवाडियांनी लॅपरोस्कोपने पित्ताशय काढलं, तेव्हा आमचे सर "दुर्बिणीचे खेळ" म्हणून हसले होते. पुढे त्याच सरांच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीनेच काढले.

स्लाइडवाला
मी सोडली. रेसिडेंटची ड्यूटी एका वेळी 12 तास, आठवड्याला 48, असं केंद्राने 1992 मध्येच लिहून ठेवलंय. माझी पहिली इमर्जन्सी 40 तासांची झाली. चौथ्या महिन्यात ड्रेसिंग करता करता उभ्याने झोपलो. सीट सोडल्याचा दंड वडिलांनी भरला. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता पॅथॉलॉजीत आहे. ऑपरेशन चालू असताना गाठीचा तुकडा फ्रोझनला, म्हणजे झटपट तपासणीला, येतो. तो गोठवायचा, कापायचा, रंगवायचा, बघायचा, सगळं वीसेक मिनिटांत. तोवर सर्जन हातमोजे जोडून माझ्या फोनची वाट बघतो.

धागाकर्ता
भाचीने सगळं वाचलं. म्हणाली, "मामा, डीव्हर मीही धरलाय. हाताचं काही नाही, पाय दुखतात." मग चप्पल घालून ड्यूटीला गेली.