आईसाठी मेडिकेअरमधून होम हेल्थ: 'होमबाउंड' कुणाला म्हणायचं?

शेवंती
आई ७९ वर्षांची आहे. अमेरिकेत ग्रीनकार्डवर आहे, ओरिजिनल मेडिकेअर (सरकार थेट चालवतं तो ज्येष्ठांचा आरोग्यविमा), तेही फक्त पार्ट बी (डॉक्टर-क्लिनिकचा भाग). कामाचे ४० क्वार्टर्स (तिमाह्या) भरत नाहीत, म्हणून पार्ट ए (हॉस्पिटलचा भाग) फुकट मिळत नाही, आणि विकत घेतलेला नाही. मधुमेह आहे आणि डाव्या टाचेची जखम महिनाभर भरत नाहीये. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते, त्यापुढे कुणीतरी सोबत लागतं. घरी नर्स आणि फिजिओथेरपी मिळेल का? हॉस्पिटलमध्ये भरती झाल्याशिवाय मिळत नाही असं ऐकलं. दर गुरुवारी तिला तासभर देवळात नेतो, त्याने अडचण येईल का? आणि आंघोळीसाठी व दिवसभर लक्ष ठेवायला रोज चारेक तास कुणी मिळेल का?

दोनप्रहर
भरतीची अट होम हेल्थला नाही. तीन दिवस इनपेशंट राहण्याची अट स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटीसाठी (हॉस्पिटलनंतर राहून उपचार घ्यायचं केंद्र) आहे आणि लोक हमखास त्या दोघांची गल्लत करतात. एकटा पार्ट बी सुद्धा पुरतो. व्हिजिटला ना वजावट (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम), ना को-पे (दर भेटीचा आपला वाटा), ठरावीक संख्येची मर्यादाही नाही.

लागतं ते असं. आई होमबाउंड असावी. स्किल्ड सेवेची गरज असावी, म्हणजे अधूनमधून नर्स, किंवा फिजिओथेरपी, किंवा स्पीच थेरपी. (ऑक्युपेशनल थेरपीवर केस उघडत नाही, उघडलेली केस मात्र तिच्यावर चालू राहू शकते.) डॉक्टर, एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट) यांनी प्लॅन ऑफ केअरवर (उपचारांच्या आराखड्यावर) सही करावी, आणि एजन्सी मेडिकेअर-सर्टिफाइड असावी. जाहिरातीत 'होम केअर' लिहिणाऱ्या अनेक एजन्सी फक्त खाजगी मदतनीस पुरवतात. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा.

होमबाउंड म्हणजे अंथरुणाला खिळलेली नव्हे. आजारपणामुळे बाहेर पडायला वॉकर, व्हीलचेअर, खास वाहन किंवा माणसाची मदत लागते, किंवा बाहेर पडणं वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही, ही झाली पहिली कसोटी. त्यावर दुसरी: एरवी घराबाहेर पडता येत नाही, आणि पडायचं तर फार कष्ट होतात. दोन्ही लागतात. डॉक्टरकडे, डायलिसिसला, परवानाधारक अडल्ट डे केअरला कितीदाही गेलं तरी चालतं. धार्मिक सेवेला जाणं नियमातच मान्य आहे, गुरुवारचं देऊळ त्यात बसतं. लग्न, केस कापणं असं क्वचित आणि थोड्या वेळापुरतं असेल तरी हरकत नसते. पण आई स्वतः गाडी चालवून किराणा आणत असेल तर केस टिकत नाही.

आता खरी मेख. केस उघडण्याआधीच्या ९० दिवसांत किंवा नंतरच्या ३० दिवसांत डॉक्टरांनी (किंवा एनपी, पीएने) आईला समोरासमोर तपासलेलं असावं, आणि तेही याच कारणासाठी. दोन महिन्यांपूर्वी सर्दीसाठी गेला होतात, ती भेट चालत नाही. नाकारलेल्या केसेसमध्ये बहुतेक वेळा खोट असते ती या भेटीच्या नोटमध्ये. 'पेशंट अशक्त आहे, होम हेल्थ द्या' एवढ्याने भागत नाही. साधारण असं काही यायला हवं: 'डाव्या टाचेवर इतके बाय इतके सेंटिमीटरची जखम, खोली इतकी, स्राव मध्यम. वॉकर आणि एका माणसाच्या आधाराने वीस फूट चालते, मग दम लागून बसावं लागतं. डाव्या पायावर भार देता येत नाही. नर्सने आठवड्यातून तीनदा ड्रेसिंग व जखमेचं मूल्यमापन करावं. पडण्याचा धोका असल्याने पीटी (फिजिओथेरपी) इव्हॅल्युएशन.' डॉक्टरांना नोट लिहायला सांगताना 'आई थकलीये' म्हणू नका. किती पावलं, किती वेळ, कशाच्या आधाराने, ते सांगा. खोटं काही वदवून घ्यायचं नाही, आहे तेच मोजून सांगायचं.

रेफरल गेल्यावर एजन्सीने ४८ तासांत पहिली भेट द्यायची असते, डॉक्टरांनी वेगळी तारीख दिली असेल तर त्या दिवशी. एका सर्टिफिकेशनची मुदत ६० दिवस. गरज उरली तर पुन्हा ६०, असं कितीही वेळा. समोरासमोरची तपासणी फक्त पहिल्या वेळी.

खडूफळा
वर सगळं नीट आलंय. पहिल्या भेटीबद्दल थोडं, कारण केस तिथेही बिघडते.

नर्स ओएसिस नावाचा लांबलचक फॉर्म भरते. पेशंट खुर्चीतून कसा उठतो, कपडे कोण घालतं, औषधं कोण काढून देतं, सगळं बघून आणि विचारून. आपल्याकडच्या आईचं काय होतं? पाहुणी घरी आली म्हणून ती भिंतीला धरत ओट्याशी जाते, 'चहा टाकते हं' म्हणते. नर्सने विचारलं त्रास होतो का, की हसून 'नाही, काही नाही, वयच झालं'. फॉर्मवर चालण्याच्या रकान्यात मग वेगळाच आकडा पडतो. भेटीआधी आईला समजावून सांगा की हा पाहुणचार नाही, तपासणी आहे. रोज जसं वागते तसंच वागायचं, वॉकर कोपऱ्यात लपवायचा नाही.

दुभाषा मोफत मागता येतो, फोनवरूनही मिळतो. रेफरलच्या वेळीच 'मराठी' नोंदवून घ्या, नाहीतर हिंदीवर भागवतात. मुलीने भाषांतर केलं की लघवी, जखमेचा वास असल्या गोष्टी आई सांगत नाही.

इन्सुलिन चालू आहे का? आईला स्वतःला टोचता येत नसेल आणि टोचू शकणारं व टोचायला तयार असणारं दुसरं कुणी नसेल, तर नर्स रोज येऊन देऊ शकते. रोजच्या नर्सिंगला एरवी ठरावीक मुदत लागते, इन्सुलिन त्याला अपवाद आहे. पण घरात तयार माणूस असेल तर एजन्सी त्यालाच शिकवून मोकळी होईल. आणि फक्त रक्त काढून नेण्यासाठी केस उघडत नाही, लॅबसाठी वेगळी सोय बघा.

पाटपाणी
रोजच्या चार तासांबद्दल स्पष्ट बोलायला हवं: ते मेडिकेअरमधून होणार नाही. नर्स किंवा थेरपी चालू असेल तरच तिच्याबरोबर होम हेल्थ एड मिळते, आंघोळ, कपडे, शौचाला मदत यासाठी. नियमात नर्स आणि एड मिळून दिवसाला ८ तासांपेक्षा कमी आणि आठवड्याला २८ तासांपर्यंत असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात एजन्सी आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर एड पाठवतात, कारण त्यांना ३० दिवसांसाठी ठोक रक्कम मिळते, तासांवर नाही. जास्त हवं असेल तर डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये 'एड, आठवड्यातून इतक्यांदा' असा आकडा घालून घ्या. ऑर्डरच नसेल तर भांडायला आधार उरत नाही. नर्स आणि थेरपी दोन्ही थांबल्या त्या दिवशी एडही थांबते. नुसती सोबत, स्वयंपाक, घरकाम, डबा, चोवीस तास माणूस यांतलं काहीच धरलेलं नाही.

दीर्घकाळच्या सोबतीचा रस्ता मेडिकेडमधून (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी आरोग्य योजना) जातो. तिथे राज्यागणिक नियम वेगळे, वेवरला (घरच्या सेवेसाठीची खास मेडिकेड योजना) प्रतीक्षायादी, आणि ग्रीनकार्डवाल्यांच्या बाबतीत स्पॉन्सरचं उत्पन्नही मोजलं जाऊ शकतं. राज्याच्या शिप (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी योजना) समुपदेशकाला विचारा, मोफत असतं.

वस्तूंचं गणित निराळं. गॉझ, फोम, टेप हे जखमेचं सामान केस चालू असेपर्यंत एजन्सीनेच द्यायचं असतं, दुकानातून आणत बसू नका. वॉकर, हॉस्पिटल बेड यांवर पार्ट बीची वर्षाची वजावट (२०२६ साठी २८३ डॉलर) आणि पुढे २० टक्के तुमचे. बाथरूममधले दांडे, शॉवरची खुर्ची, उंच सीट यांना काहीच मिळत नाही.

आणखी एक फास आहे, तो कुणी आधी सांगत नाही. होम हेल्थ चालू असताना आईला बाहेरच्या क्लिनिकमध्ये फिजिओथेरपीला नेलंत तर ते बिल मेडिकेअर देत नाही, सगळी थेरपी एजन्सीच्या खात्यातच मोजली जाते. क्लिनिक मग बिल तुमच्याकडे पाठवतं. ती अपॉइंटमेंट आधीची ठरलेली असेल तर रद्द करा.

शेवंती
सगळ्यांचे आभार. धागा सहा आठवड्यांनी वर काढतेय. केस उघडली, नर्स आठवड्यातून तीनदा येत होती, पीटी दोनदा. जखम निम्म्यावर आली आहे. आता एजन्सी म्हणते प्रगती थांबली, शुक्रवारपासून सगळं बंद. एक कागद दिलाय, आईची सहीही घेतली. शेजारचे काका म्हणाले, अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन (खाजगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) घ्या, त्यात जास्त मिळतं. काय करावं?

दोनप्रहर
अ‍ॅडव्हान्टेज आधी बाजूला ठेवा. त्याला पार्ट ए आणि बी दोन्ही लागतात, तुमच्याकडे ए नाही, त्यामुळे तो पर्यायच नाही. असता तरी होम हेल्थसाठी नेटवर्कमधली एजन्सी आणि बहुधा पूर्वमंजुरी, असा आणखी एक दरवाजा वाढला असता.

'प्रगती थांबली' हे बंद करण्याचं कारण होऊच शकत नाही. जिमो विरुद्ध सेबेलियस या खटल्यातली तडजोड व्हर्मॉंटच्या फेडरल कोर्टाने २०१३ साली मंजूर केली, आणि त्यानंतर मेडिकेअरला आपलं मॅन्युअल सुधारावं लागलं. प्रश्न सुधारणेचा नसतो. आहे ती स्थिती टिकवायला किंवा घसरण मंदावायला प्रशिक्षित नर्स किंवा थेरपिस्टच लागतो का, एवढंच बघायचं असतं. होम हेल्थचे नियम मेडिकेअर बेनिफिट पॉलिसी मॅन्युअलच्या सातव्या प्रकरणात आहेत, एजन्सीशी बोलताना प्रकरणाचा आकडा सांगा. तुमच्याकडे तर निम्मी उघडी जखम आहे, म्हणजे नर्सिंगची बाजू भक्कम आहे.

हातातला कागद म्हणजे 'नोटिस ऑफ मेडिकेअर नॉन-कव्हरेज'. तो निदान दोन दिवस आधी द्यावा लागतो. त्यावर सेवा संपण्याची तारीख आणि तुमच्या राज्यासाठीच्या क्यूआयओ या स्वतंत्र तपासणी संस्थेचा फोन नंबर छापलेला असतो. त्या तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत तिथे फोन करायचा. वकील लागत नाही. फोनवर बोललेल्या माणसाचं नाव, वेळ आणि केस नंबर लिहून ठेवा. तुमचा फोन गेला की एजन्सीला बंद का करतोय याचा सविस्तर खुलासा लेखी द्यावा लागतो, त्याची प्रत मागा.

ओरिजिनल मेडिकेअरमध्ये होम हेल्थच्या जलद अपिलाला आणखी एक गोष्ट लागते आणि तिथेच लोक अडकतात: सेवा थांबल्यास तब्येतीला मोठा धोका आहे, असं डॉक्टरांचं लेखी. म्हणून पहिला फोन क्यूआयओला, दुसरा लगेच डॉक्टरांच्या ऑफिसला. पत्र दोन ओळींचं चालेल, पण जखमेचं आजचं माप आणि मधुमेह त्यात यायला हवा. नर्सच्या शेवटच्या तीन भेटींच्या नोंदी एजन्सीकडून मागून घ्या. माप दर भेटीला उतरत असेल तर 'प्रगती थांबली' हे त्यांच्याच कागदावर खोटं ठरतं.

निकाल विरोधात गेला तर दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत फेरविचार मागता येतो. मात्र संपण्याच्या तारखेनंतरच्या भेटींचं बिल हरल्यास तुमच्यावर येऊ शकतं, तेवढं लक्षात ठेवा.

शेवंती
पण सही केलीये ना आईने. म्हणजे मान्य केलं असं नाही का होत?

खडूफळा
नाही होत. ती सही कागद मिळाल्याची पोच आहे, संमती नव्हे. कागदावर तारीख काय छापलीय ते बघा. शेवटचा दिवस शुक्रवार असेल तर तुमची मुदत उद्या, गुरुवारी दुपारी बाराला संपते. गुरुवारचं देऊळ या आठवड्यात संध्याकाळी ठेवा.