पुस्तकं मोजायची की पानं?

साळवी ताई (ए-३०४): नवीन वर्षात ५० पुस्तकं वाचायची असं ठरवतेय. ऑफिस, स्वयंपाक, मुलाचं दहावीचं वर्ष, सगळं सांभाळून. जमण्यासारखं आहे का? जाणकारांनी सांगा.

कुलकर्णी काका (बी-१०१): आधी हिशेब मांडू. पुस्तक सरासरी २०० पानांचं धरलं तर ५० पुस्तकं म्हणजे १०,००० पानं. याला ३६५ ने भागू नका, ३०० ने भागा. गणपती, दिवाळी, लग्नं, परीक्षा, आजारपण यांत ६५ दिवस कसे जातात कळत नाही. म्हणजे रोजची ३३ पानं झाली. आता घड्याळ लावून १० पानं वाचून बघा, शक्यतो तीन वेगळ्या पुस्तकांतली, आणि सरासरी काढा. १० पानांना १८ मिनिटं लागत असतील तर ३३ पानांना तास लागणार.

साळवी ताई (ए-३०४): रोज तास कुठला काका. अर्धा, तोही रात्री.

कुलकर्णी काका (बी-१०१): मग १६ पानं धरा. ३०० दिवसांत ४,८०० पानं, म्हणजे २४ पुस्तकं. महिन्याला दोन.

ओंकार (सी-६०२): ५० च हवी असतील तर १०० पानांची घ्यायची. प्रश्न मिटला.

प्रधान मॅडम (बी-५०३): ओंकार, गमतीत म्हणालास, पण होतं नेमकं हेच. पुस्तकांच्या आकड्यावर लक्ष्य बांधलं की ऑक्टोबरनंतर हात आपोआप बारीक पुस्तकाकडे जातो आणि जाडजूड कादंबऱ्या वर्षानुवर्षं कपाटात राहतात. साळवी, तुम्ही ४,८०० पानं हेच लक्ष्य ठेवा, पुस्तकं किती झाली ते डिसेंबरात बघू. ‘मृत्युंजय’ सातशेच्या घरात जातं. पुस्तकांच्या हिशेबात ते २४ पैकी एक, पानांच्या हिशेबात वर्षाचा सातवा हिस्सा. मग ते घ्यायची भीती वाटत नाही.

आणि बारीक म्हणजे झटपट असंही नाही. ‘रणांगण’ बघा, विश्राम बेडेकरांचं, १९३९ चं. जेमतेम सव्वाशे पानं असतील. युरोपातून निघालेली बोट, तीवर जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित, चक्रधर आणि हॅर्टा. ते एका बैठकीत संपवलं तर वाया गेलं. दिवसाला १५-२० पानं, आणि मध्ये दुसरं काही वाचायचं नाही.

नाईक (ए-७०१): पण पान म्हणजे तरी काय? एका आवृत्तीत टाइप मोठा, दुसरीत मुंगीएवढा.

कुलकर्णी काका (बी-१०१): बरोबर मुद्दा. पाच ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा आणि पानावरच्या ओळींनी गुणा. ३० ओळी, ओळीत ९ शब्द, म्हणजे २७० शब्द. हे आपलं एक प्रमाण पान. मुलांच्या मोठ्या टाइपच्या पुस्तकात १३०-१४० शब्द निघाले तर ती दोन पानं मिळून एक धरा. दाट छपाई असेल तर उलट. प्रत्येक पुस्तकाला हे करत बसू नका, फार फरक दिसला तरच. प्रस्तावना वाचलीत तर धरा, सूची आणि जाहिरातीची पानं सोडा.

साळवी ताई (ए-३०४): दिवाळी अंक धरायचे का?

ओंकार (सी-६०२): अजिबात नाही, तो अंक आहे.

प्रधान मॅडम (बी-५०३): का नाही? १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठीतलं कितीतरी चांगलं लेखन आधी अंकांत आलंय आणि मग पुस्तकात. फक्त अट एकच, वाचलेल्या मजकुराचीच पानं धरायची. भविष्य, पाककृती आणि सोन्याच्या जाहिराती चाळून अख्खा अंक नोंदवला तर ती फसवणूक. अंकाचं पान मोठं, त्यात दोन-दोन स्तंभ, त्यामुळे काकांच्या मापाने एकाची दोन पानं सहज होतील.

सेक्रेटरी (ऑफिस): उद्या सकाळी १० ते १ टाकी धुण्याचं काम आहे. पाणी भरून ठेवावे.

नाईक (ए-७०१): भरून ठेवतो. ऑडिओबुकचं काय? लोकलमध्ये उभ्याने पुस्तक धरता येत नाही.

प्रधान मॅडम (बी-५०३): संपूर्ण वाचन असेल तर धरा, संक्षिप्त असेल तर नाही. छापील प्रतीची पानं नोंदवायची आणि पुढे ‘ऐकलं’ असा शेरा. वेग सव्वापटीच्या वर नेऊ नका, मराठीतले संवाद त्यात चेपले जातात. आठवणी, प्रवास, विनोदी लेखन ऐकायला छान. ज्यात कोण बोलतंय हे पान मागे उलटून बघावं लागतं, ते छापीलच घ्या.

देशपांडे काकू (सी-२०२): माझा प्रश्न वेगळा. पुस्तक अर्ध्यात अडकतं, मग पुढचं पण सुरू होत नाही. त्याचं काय करायचं?

प्रधान मॅडम (बी-५०३): काकू, वर्षाची गणितं बहुतेक तिथेच बिघडतात. अडकलेलं पुस्तक उशाशी पडून राहतं, आणि ‘हे संपल्याशिवाय दुसरं नाही’ असं मनात धरलं की सहा आठवडे शून्य. ५० पानं नेटाने वाचा, नाही रुचलं तर वहीत ‘सोडलं’ लिहून परत करा. वाचलेली ५० पानं हिशेबात धरायची, पानांच्या लक्ष्याचा हा आणखी एक फायदा.

पण सोडण्याआधी का अडकलं ते बघा. कारणं वेगवेगळी असतात. ‘मृत्युंजय’मध्ये बहुतेक जण सुरुवातीच्या शंभर पानांत थकतात, कारण भाषा अलंकारिक आणि वेग संथ. तिथे रोजची पानं १६ वरून १० वर आणायची. ते कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण अशा एकेकाच्या तोंडून सांगितलेलं आहे, तेव्हा थांबायचं असेल तर एकाचं कथन संपल्यावर थांबा, मधेच नको. आठवड्याने पुन्हा उघडलं की धागा लागत नाही.

‘कोसला’चं दुखणं वेगळं. सुरुवातीची पानं तुटक, बडबडी वाटतात. पांडुरंग सांगवीकरचा सूर कानात बसायला वेळ लागतो. तिथे उलट करायचं, सुट्टीच्या दिवशी एका दमात ४०-५० पानं वाचायची. ५० पानांचा नियम या पुस्तकाला लावू नका, निदान मनीच्या मृत्यूपर्यंत जा.

ओंकार (सी-६०२): मॅडम, स्पॉइलर!

प्रधान मॅडम (बी-५०३): १९६३ चं पुस्तक आहे, ओंकार.

ओंकार (सी-६०२): शरण. बाय द वे, ‘ययाति’ची पीडीएफ आहे माझ्याकडे, टाकू का इथे?

कुलकर्णी काका (बी-१०१): नको. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, आणि ती मोजायची मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे ‘ययाति’ ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत हक्कांत आहे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून खुली आहेत. अनुवादात अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो, मूळ पुस्तक जुनं असलं तरी. फुकट आणि रीतसर हवं असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची पुस्तकं आहेत, विश्वकोशही पूर्ण वाचता येतो.

नाईक (ए-७०१): आणि स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंची किंडलवर उघडूच नका. ते पानाचं चित्र असतं, त्यातला टाइप वाढत नाही, सारखं सरकवत बसावं लागतं. आडवं धरून अर्धं-अर्धं पान वाचता येतं, नाहीतर सरळ टॅब. ई-बुक म्हणून निघालेलं पुस्तक असेल तर अक्षर हवं तेवढं मोठं होतं. ज्येष्ठांसाठी हे उत्तम.

देशपांडे काकू (सी-२०२): नातवाला पण यात ओढायचंय. तिसरीत आहे, स्वतः वाचायचा कंटाळा करतो.

प्रधान मॅडम (बी-५०३): मग रोज मोठ्याने वाचून दाखवा. ‘श्यामची आई’ त्यासाठी सोयीचं, ४२ रात्रींत विभागलेलं आहे, एका दिवसाला एक रात्र. १७ जानेवारीला सुरू केलं तर बेचाळिसावी रात्र बरोबर २७ फेब्रुवारीला येते, मराठी भाषा गौरव दिनाला. काही रात्री लांब आहेत, त्या दोघांनी वाटून घ्या. शेवटच्या रात्री जड आहेत, त्या झोपायच्या वेळी नको, संध्याकाळी वाचा. आणि ही पानं तुमच्याही खात्यात धरायची.

साळवी ताई (ए-३०४): आधी वाचलेलं पुन्हा वाचलं तर?

प्रधान मॅडम (बी-५०३): जरूर धरा. मी तर म्हणेन वर्षाला निदान ६०० पानं पुनर्वाचनाला राखून ठेवा. आवडतं पुस्तक कुठलं, हे दुसऱ्या वाचनातच ठरतं. जोडीने वाचायची युक्तीही करा. ‘मृत्युंजय’ संपल्याबरोबर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ घ्या. दोन्ही १९६७ ची. एकात कर्ण स्वतःची बाजू मांडतो, दुसऱ्यात तीच माणसं लेखिका मानववंशशास्त्राच्या नजरेने, कुणाची भीड न ठेवता तपासते. ‘युगान्त’मधले लेख सुटे आहेत, गांधारी, कुंती, द्रौपदी, एका वेळी एक. कर्णावरचा लेख मात्र अगदी शेवटी ठेवा. कर्णावर जीव जडला असेल तर राग येईल, येऊ द्या.

कुलकर्णी काका (बी-१०१): नोंदवहीचं सांगा मॅडम. नुसते आकडे लिहिणारे फेब्रुवारीत वही सोडतात.

प्रधान मॅडम (बी-५०३): साधी शंभर पानी वही. एका पुस्तकाला अर्धं पान. सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, पानं, आवृत्ती, कोणाकडून आणलं. पुस्तक संपल्यावर दोन दिवसांच्या आत तीन ओळी: लक्षात राहिलेला एक प्रसंग, जिथे परत जावंसं वाटतं तो पान क्रमांक, आणि हे कोणाला द्यावंसं वाटतं. गोष्ट लिहायची नाही, ती मलपृष्ठावर असते. मग तीन महिन्यांनी पुस्तक न उघडता त्यातली माणसं आणि एक प्रसंग आठवून लिहा. काहीच आठवलं नाही तर ते तुमच्या आवडत्या पुस्तकांत नाही, तेव्हा कितीही आवडलं असलं तरी. डिसेंबरात यादी करताना हीच पानं बघायची.

‘बनगरवाडी’सारखं छोटं पुस्तक या कसोटीला चोख उतरतं. धनगरांच्या वाडीवर आलेला तो पोरसवदा मास्तर वर्षानंतरही समोर दिसतो.

ओंकार (सी-६०२): ओके, हे करून बघण्यासारखं आहे. जून अखेरीला मागे पडलो तर?

कुलकर्णी काका (बी-१०१): ३० जूनला २,४०० च्या जागी १,६०० पानं असली तर ८०० ची तूट. उरलेल्या १५० दिवसांत ३,२०० पानं म्हणजे रोजची २१ च्या वर. ५ पानं वाढली, म्हणजे साधारण १० मिनिटं. हे शक्य आहे. पण तूट १,५०० च्या पुढे गेली तर रोजची २६ पानं होतात, ती ओढत बसू नका, लक्ष्यच ३,६०० वर आणा. रविवारी १०० पानं काढू म्हणणाऱ्यांचा रविवार पाहुण्यांत जातो.

नाईक (ए-७०१): पुस्तकं विकत घ्यायला मात्र आता जागा नाही घरात.

कुलकर्णी काका (बी-१०१): ठाण्यात राहून हा प्रश्न? मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. आणि वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते, ती चांगली कामाला येते. घरचं पुस्तक कधीही वाचता येतं म्हणून वाचलंच जात नाही.

देशपांडे काकू (सी-२०२): क्लब हाउसमधलं काचेचं कपाट रिकामंच आहे. घरातली वाचून झालेली तिथे ठेवली तर?

कुलकर्णी काका (बी-१०१): कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलंय, पावसाळ्यात ती ओल धरते. आधी चार बोटं पुढे ओढून घ्या. खालचा कप्पा मोकळा ठेवा, पुस्तकं ठासून भरू नका, हवा खेळली नाही की बुरशी येते आणि कसर लागते. ओलं झालेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वाकतात. उभं उघडून पंख्याखाली ठेवायचं. नेणाऱ्याने फ्लॅट नंबर, पुस्तक, तारीख लिहायची, २१ दिवसांची मुदत.

सेक्रेटरी (ऑफिस): कपाट सरकवायला रविवारी सकाळी ९ ला दोन जण हवेत. ओंकार आणि नाईक साहेब, तुमची नावं लिहितोय.

ओंकार (सी-६०२): ११ चालेल का?

सेक्रेटरी (ऑफिस): ९.