प्रोफेशनल बास्केटबॉल कोच व्हायचंय, पण मोठ्या लीगमध्ये खेळलेलो नाही

राखीव_गडी:
वय २६. कॉलेजपर्यंत खेळलो, त्यातही निम्मा वेळ बाकावरच. दोन वर्षं शाळेतल्या मुलांना शिकवतोय आणि आता आयुष्यभर हेच करावंसं वाटतंय, पण प्रोफेशनल टीमसोबत. वरच्या लीगमध्ये न खेळलेल्याला तिथे कोणी उभं करतं का? ज्यांनी आतून बघितलंय त्यांनी सांगावं.

डंक_जमत_नाही:
नावाजलेल्या खेळाडूला दार लवकर उघडतं, हे खरंय. स्टीव्ह कर एनबीएत (अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग) खेळाडू म्हणून ५ अजिंक्यपदं घेऊन आला, कोचिंगचा अनुभव शून्य, आणि पहिल्याच सीझनला, २०१५ मध्ये, गोल्डन स्टेट या टीमला कोच म्हणून जिंकवून मोकळा. आपल्यासारख्यांनी मागच्या दाराने जायचं.

जुना_व्हिडिओवाला:
मागच्या दाराने गेलेला मी. ११ सीझन काढले: ४ व्हिडिओ रूममध्ये, मग असिस्टंट, शेवटी दीड सीझन हेड कोच. दीडच का, ते सांगतोच.

एरिक स्पोल्स्ट्राचं उदाहरण सगळेच देतात, मीही देतो. जर्मनीत एका क्लबकडून दोन वर्षं खेळून परतला आणि १९९५ मध्ये मायामी हीटमध्ये व्हिडिओच्या कामाला लागला. २००८ मध्ये हेड कोच पॅट रायलीनंतर टीम त्याच्या हातात आली. मधल्या १३ वर्षांबद्दल कोणी बोलत नाही.

त्या खोलीत करायचं काय, तर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चार-पाच मॅचेस बघून प्रत्येक पझेशनला (बॉल एका टीमकडे असतो तेवढा डाव) खूण करायची. पिक अँड रोल (एकाने बचाववाल्याची वाट अडवायची आणि लगेच बास्केटकडे वळायचं) कुठल्या बाजूने, त्यांचा बिगमॅन (बास्केटजवळचा उंच गडी) मागे थांबतो की वर चढतो, कॉर्नरमधला शूटर मोकळा कसा सुटला. पहिल्यांदा मी रात्रभर जागून ४२ क्लिप कापल्या. हेड कोचने ६ ठेवल्या. डोकंच फिरलं माझं. मग मीटिंगला मागच्या खुर्चीत बसलो, तर चौथ्या क्लिपलाच आमचा सेंटर बुटाची लेस सोडून परत बांधत होता. म्हणजे सहाही जास्तच होत्या.

हेच पुन्हा टाइमआउटला. फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) नियमाने ६० सेकंद, त्यात ५०व्या सेकंदाला हॉर्न. खेळाडू येऊन, घाम पुसून, पाणी पिऊन बसेपर्यंत १५-२० गेलेले. तुम्हाला मिळतं जेमतेम अर्धं मिनिट. हेड कोच झाल्यावर पहिल्याच अटीतटीच्या मॅचला मी बोर्डवर तीन ऑप्शनवाला प्ले काढायला घेतला आणि मार्कर सुकलेला! अर्धा वेळ तो झटकण्यात गेला. चौघांनी पहिला ऑप्शन धरला, आणि ज्याने बॉल आत टाकायचा त्याच्या डोक्यात तिसरा. ५ सेकंदांत बॉल आत टाकला नाही म्हणून व्हायोलेशन, बॉल त्यांचा, मॅच त्यांची. त्यानंतर खिशात दोन मार्कर आणि बोर्डवर एकच प्ले, तोही प्रॅक्टिसमध्ये घोटून घेतलेला.

आता दीडचं. दुसऱ्या सीझनला पॉइंट गार्ड (खेळ चालवणारा गडी) गुडघा धरून बसला आणि आम्ही सलग ९ हरलो. १२ खेळाडू बदलण्यापेक्षा एक कोच बदलणं सोपं. सकाळच्या शूटअराउंडआधी (मॅचच्या दिवशीची हलकी प्रॅक्टिस) बोलावलं आणि नारळ दिला. चार मिनिटांत बाहेर. मनाला लावून घेऊ नये म्हणतात, मी महिनाभर लावून घेतलं. मायकल मलोनने २०२३ मध्ये डेन्व्हरला त्यांचं पहिलं अजिंक्यपद मिळवून दिलं, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये रेग्युलर सीझनच्या फक्त ३ मॅचेस उरल्या असताना त्यालाही काढलं. निक नर्स टोरांटोत २०१९ ला जिंकला, २०२३ ला बाहेर. तिथे माझी काय कथा!

झोन_डिफेन्स:
मार्करचा किस्सा वाचून हसलो, मग पाच सेकंदांचं वाचून हसू थांबलं. राखीव_गडी, शाळेच्या टीमला कमी लेखू नका. ग्रेग पोपोविच १९७९ मध्ये एका छोट्या कॉलेजात कोच झाला, पहिल्या सीझनला २ जिंकल्या, २२ हरल्या. सॅन अँटोनियोची ५ अजिंक्यपदं फार पुढची.

राखीव_गडी:
व्हिडिओवाले दादा, कोणाची ओळख नाही, भारी सॉफ्टवेअर नाही. उद्यापासून नक्की काय करू? आणि खरं सांगा, नारळ मिळाल्यावरही परत जाल का?

जुना_व्हिडिओवाला:
गेलोच की. सध्या दुसऱ्या एका टीमचा असिस्टंट आहे आणि क्लिपा अजूनही मीच कापतो, तरण्या पोरांना त्यावरून माझी गंमत वाटते.

तुम्ही एकच मॅच घ्या. एकदा सरळ बघा, दुसऱ्यांदा बॉलकडे अजिबात न बघता मागच्या बाजूचे दोघं काय करतात तेवढंच बघा. हे जड जातं, नजर सारखी बॉलकडे पळते. मग तीन क्लिप कापून आपल्या मुलांना दाखवा. त्यांच्यासमोर उभं राहा, पडद्याकडे बघू नका. पहिली जांभई कुठल्या सेकंदाला येते ते लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी क्लिप त्याच्या आत संपवा. ओळखीपाळखीचं नंतर बघू, आधी या तीन क्लिप मला पाठवा.