विषय: नोंदणीच्या लिंकवर दुसऱ्याचंच नाव येतंय

मंडळी, नमस्कार.
ताईंनी काल टाकलेली नोंदणीची लिंक उघडली, तर फॉर्मवर नाव-फोन सगळं त्यांचंच! शिवाय ‘कुटुंब’ निवडून पुढे गेलं की निवड पुसली जाते. लिंकमध्ये अधूनमधून ‘&एएमपी;’ दिसतंय. पीएचपीच्या सेटिंगमध्ये आर्ग्युमेंट सेपरेटर (लिंकमधले भाग वेगळे करणारं चिन्ह) बदलून बघू का?

—

> सेपरेटर बदलून बघू का?

दादा, नको! आधीच कुणीतरी बदललाय, म्हणून तर हे झालंय.

यूआरएलमध्ये, म्हणजे लिंकच्या पत्त्यात, दोन पॅरामीटर (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या) वेगळे करतो तो साधा &. एचटीएमएलमध्ये मात्र याच चिन्हाने एंटिटी (एखाद्या चिन्हासाठीचा सांकेतिक शब्द) सुरू होते, म्हणून पानात लिहिताना त्याचं ‘&एएमपी;’ करायचं; ब्राउझर ते वाचून पुन्हा & करतो. आपल्याकडे ‘आर्ग सेपरेटर आउटपुट’ कायमचंच ‘&एएमपी;’ करून ठेवलंय. पॅरामीटर जुळवणारं ‘एचटीटीपी बिल्ड क्वेरी’ हे फंक्शन ते निमूटपणे वापरतं, आणि तीच स्ट्रिंग आपण रिडायरेक्टच्या लोकेशन हेडरलाही (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणाऱ्या ओळीला) देतो. तिथे एंटिटी उलगडणारं कुणीच नाही. सर्व्हरला ‘टाइप’ऐवजी ‘एएमपी;टाइप’ नावाचा पॅरामीटर मिळतो आणि निवड गेली.

तेव्हा यूआरएल साध्या & नेच बनवायची आणि पानात छापताना, तेवढ्यापुरतं, ‘एचटीएमएल स्पेशल कॅर्स’ या फंक्शनमधून काढायची. तेही टाळू नका. ‘कॉपी’ नावाचा पॅरामीटर मजकुरात उघडा ठेवलात तर तिथे © उमटतं.

ताईंचं नाव दिसण्याचं कारण वेगळं आणि जास्त गंभीर आहे. लिंकच्या शेपटीला सेशन आयडी (लॉगिन केलेल्याची ओळखखूण) आहे. ती लिंक पाठवणं म्हणजे घराची किल्ली पाठवणं. असा आयडी ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्येही पडून राहतो. ‘यूज ओन्ली कुकीज’ (आयडी फक्त कुकीतून घेणं) चालू आणि ‘ट्रान्स एसआयडी’ (आयडी आपोआप लिंकला जोडणं) बंद ठेवा. पहिलं पीएचपी 5.3 पासून मुळातच चालू असतं, म्हणजे कुणीतरी मुद्दाम बंद केलंय. ते बंद करणं 8.4 पासून डेप्रिकेटेड, म्हणजे वापरू नये असं, आहे. लॉगिन झाल्याबरोबर नवा आयडीही द्या, नाहीतर कुणी आधीच ठरवलेला आयडी गळ्यात मारू शकतो.

ताई, तुम्ही आत्ता लॉगआउट करा. मेल पुसून उपयोग नाही, लिंक सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पोचली आहे.

—

> यूआरएल साध्या & नेच बनवायची

मधे अर्धविराम घातला तर एस्केपची (चिन्ह असं बदलून लिहिण्याची) कटकटच नाही ना? एचटीएमएल 4.01 मध्ये तशी शिफारस होती.

—

होती, सर्व्हरने अर्धविरामसुद्धा स्वीकारावा अशी. पण सगळ्यांनी ती पाळली नाही. कॅश (पानांच्या प्रती साठवून देणारी मधली यंत्रणा) पत्ता एका पद्धतीने तोडते, सर्व्हर दुसऱ्या, आणि त्या फटीतून कॅशमध्ये भलतंच पान घुसवता येतं. पायथन भाषेने याच कारणासाठी 2021 मध्ये अर्धविरामाला डिफॉल्टमधून काढलं. आपण कशाला त्या वाटेला जायचं?

—

लॉगआउट केलं. कुणीतरी लिंक उघडून बघा.

—

आता लॉगिनचं पान येतंय. सेटिंग दोन्ही बदलतो, पण लोकेशन हेडर कुठे कुठे वापरलाय ते आधी शोधून काढतो.