अनुभव धागा : ऑस्ट्रेलियातले छोटे सिनेमे आणि मनात राहून गेलेला एक नट

पुणे (धागा सुरू करताना)

ऑस्ट्रेलियाचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडे हॉलिवूडला गेलेल्या चार-पाच नटांची नावं निघतात आणि गप्पा तिथेच संपतात. इथे बोलायचंय ते वेगळ्याच सिनेमांबद्दल. मोठा स्टुडिओ पाठीशी नाही, पैसा सरकारी चित्रपट निधीतून आणि इकडून-तिकडून जमवलेला, चित्रीकरण थोडक्या दिवसांत उरकलेलं. अशा सिनेमात भव्य काही दाखवता येत नाही. मग उरतो नट. दीड-दोन तास त्याच्याकडेच बघायचं असतं, आणि तो जरा खोटा वागला तर त्याला लपायला जागा नसते. हे काम तिथे कितीतरी जणांनी फार निष्ठेने केलंय, आणि त्याला आपल्याकडे पुरेशी दाद मिळालेली नाही असं मला मनापासून वाटतं.

एकच विनंती. अख्खी गोष्ट सांगत बसू नका. एक नट, त्याचा एखादा प्रसंग आणि तो तुम्हाला का भिडला, एवढं लिहा.

सुरुवात मीच करते. जूडी डेव्हिस, 'माय ब्रिलियंट करिअर', १९७९. दिग्दर्शिका गिलियन आर्मस्ट्राँग. त्या काळी तिथे एका बाईच्या हाती पूर्ण लांबीचा चित्रपट येणं हीच दुर्मिळ गोष्ट होती. जूडी डेव्हिस नाट्यशिक्षण संपवून नुकतीच बाहेर पडलेली. शेवटाकडे तिला मनापासून आवडणारा, भला, सुखवस्तू माणूस (सॅम नील) तिला मागणी घालतो आणि ती नाही म्हणते, कारण तिला लिहायचंय. ते 'नाही' म्हणताना ती कुठेही जिंकल्यासारखी दिसत नाही. तिला त्याच्यासाठी वाईट वाटतंय, स्वतःसाठीही वाटतंय, आणि तरी ती मागे फिरत नाही. मी हा सिनेमा फिल्म क्लबच्या खेळाला पाहिला तेव्हा ठरलेलं लग्न मोडावं की नाही या विचारात होते. मोडलं. सिनेमामुळे नव्हे. पण निर्णय ठाम असला तरी रडू येऊ शकतं, आणि रडू आलं म्हणून निर्णय खोटा ठरत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर मी आधीच पाहून ठेवलं होतं.

पनवेल

'द कॅसल' (१९९७). मायकेल कॅटन.

मेलबर्नच्या विमानतळाला खेटून असलेलं घर. डोक्यावरून विमानं, शेजारून विजेच्या मोठ्या तारा. टोइंगची गाडी चालवणारा डॅरिल केरिगन तिथे बायकामुलांसह मजेत राहतो, आणि एक दिवस विमानतळ वाढवायचा म्हणून घर सोडायचा कागद येतो. अकरा दिवसांत चित्रित झालेला हा विनोदी सिनेमा. ऑस्ट्रेलियात त्यातली वाक्यं लोकांना तोंडपाठ असतात असं माझा तिकडे असलेला मुलगा सांगतो.

मी नवी मुंबई विमानतळाखाली गेलेल्या दहा गावांपैकी एका गावचा. मुलाने सुट्टीला आल्यावर लॅपटॉपवर लावून दिला. म्हणाला, "बाबा, बघा, हसाल." हसलो पण. मग घराचं मूल्यांकन करायला माणूस येतो तो प्रसंग आला. तो कशासाठी आलाय याचा डॅरिलला पत्ता नाही. तो त्याला घर फिरवून दाखवतो. छपरावर शोभेसाठी लावलेली खोटी चिमणीसुद्धा कौतुकाने दाखवतो. कॅटनचा चेहरा तेव्हा बघा. घर दाखवायला मिळालं याचाच त्याला आनंद आहे.

आमच्याकडे मोजणीला लोक आले तेव्हा माझ्या वडिलांनी अस्संच केलं होतं. ओटी दाखवली, भाताची कणगी दाखवली, विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं हे दोनदा सांगितलं. आईला चहा ठेवायला लावला. कागदावर फक्त चौरस मीटर लिहिले गेले. वडील त्या दिवशी जेवताना खुशीत होते, माणसं चांगली होती म्हणत होते. कॅटनला हे कुठून ठाऊक? त्याने कुठल्यातरी बापाला असं करताना पाहिलेलंच असणार, त्याशिवाय हे येत नाही.

पुढे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जातं. त्यांच्या घटनेच्या ५१व्या कलमात मालमत्ता घ्यायची तर न्याय्य अटींवरच घ्यावी असं आहे, त्यावर सगळं उभं राहतं. आम्हाला सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी म्हणून १९८४ साली जासईला आमचे नेते दि. बा. पाटील यांच्या मागे उभं राहावं लागलं आणि गोळीबारात पाच माणसं गेली. त्यामुळे केरिगनचा विजय मला जरा सोपा वाटतो, हे सांगितलंच पाहिजे. पण त्यात एक जागा आहे. घर जायची वेळ येते तेव्हा डॅरिल म्हणतो, मूळनिवासींना काय वाटत असेल ते आत्ता कुठे मला कळायला लागलंय. जमिनीवरचा मूळनिवासींचा हक्क मान्य करणारा माबो निकाल १९९२चा, म्हणजे सिनेमाच्या पाचच वर्षं आधीचा. कॅटन हे वाक्य टाळीसाठी म्हणत नाही. मनात आलं आणि बोलून गेला, इतकं सहज म्हणतो.

अ‍ॅडलेड

मी इथे वृद्धांच्या केंद्रात परिचारिका आहे. ज्यांच्याबद्दल लिहितेय ते आता हयात नाहीत. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडच्या योल्न्गू या मूळनिवासी समाजात माणूस गेल्यावर त्याचं नाव घेत नाहीत, चित्र दाखवत नाहीत. पण डेव्हिड गुलपिलिल यांच्या कुटुंबाने त्यांचं नाव आणि चित्र वापरायला परवानगी दिली आहे, म्हणून नावानिशी लिहिते.

१९७१ साली 'वॉकअबाउट' आला तेव्हा ते पोरसवदा होते. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं ते पडद्यावर होते. मला सांगायचंय ते 'चार्लीज कंट्री' (२०१३) बद्दल. दिग्दर्शक रॉल्फ द हीर. गुलपिलिल डार्विनच्या तुरुंगात असताना द हीर त्यांना भेटायला गेले आणि तिथून दोघांनी मिळून ही कथा उभी केली. कान महोत्सवात २०१४ साली 'अं सर्तें रगार' विभागात त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

चार्ली म्हातारा आहे. त्याची बंदूक पोलीस काढून घेतात. मग तो शिकारीसाठी स्वतःच्या हाताने भाला करतो, तर तोही घातक शस्त्र म्हणून जप्त. अन्न दुकानातलं, औषध दवाखान्यातलं, कायदा बाहेरचा, आणि हा आपल्याच जमिनीवर परका. हे सगळं गुलपिलिल फार कमी बोलून दाखवतात. त्यांची चाल बघत राहावी अशी. लहानपणापासून नाचलेलं अंग. म्हातारपणीही पाय जमिनीवर नेमका पडतो.

पुढे चार्लीला कैद होते आणि तिथे त्याचे केस आणि दाढी उतरवतात. पांढऱ्या, भरघोस जटा. मशीन फिरत राहतं, कॅमेरा चेहऱ्यावरून हटत नाही. ते ओरडत नाहीत, रडत नाहीत, विरोध करत नाहीत. फक्त डोळ्यांतला माणूस हळूहळू आत निघून जाताना दिसतो. शेवटी उरलेला चेहरा ओळखू येत नाही.

आमच्याकडे नवीन आजी-आजोबा दाखल झाले की सोयीसाठी केस बारीक कापायची पद्धत होती. धुवायला सोपे पडतात, कोंडा होत नाही, कारणं सगळी खरी. तो प्रसंग पाहिल्यावर मला हातात कात्री धरवेना. आता मी आधी विचारते, आरसा समोर धरते, किती कापू ते बोटाने दाखवायला सांगते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या घरच्यांकडून जुना फोटो मागवून घेते. वेळ जास्त जातो. जाऊ दे.

त्यांचे शेवटचे दिवस इथून तासाभरावर, मरी ब्रिजला गेले. फुप्फुसाचा कर्करोग होता. त्या काळात झालेल्या 'माय नेम इज गुलपिलिल' या माहितीपटात ते स्वतःच्या मरणाबद्दल थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. २९ नोव्हेंबर २०२१ला ते गेले.

मुंबई

ध्वनिमुद्रणात काम करतो, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे : निकोलस होप, 'बॅड बॉय बबी' (१९९३). जन्मापासून पस्तीस वर्षं एका खोलीत कोंडून ठेवलेला माणूस बाहेर पडतो, अशी गोष्ट. होपच्या केसांच्या टोपात, दोन्ही कानांवर एकेक मायक्रोफोन बसवला होता. म्हणजे बबीला जे आणि जसं ऐकू येतं तेच आपण ऐकतो. छायालेखक तीसहून जास्त, कारण बाहेरचं प्रत्येक नवं ठिकाण वेगळ्या नजरेतून दिसायला हवं होतं. आता नटाच्या बाजूने विचार करा. समोरचा छायालेखक सतत बदलतोय, डोक्यावर यंत्रं, मान वळवली की आवाज बदलणार. तरीही होपने बबी एकसंध ठेवलाय. पहिला भाग फार क्रूर आहे, लहान मुलांसोबत अजिबात बघू नका.

ब्रिस्बेन (मूळची कोल्हापूरची)

टोनी कोलेट, 'म्युरिअल्स वेडिंग' (१९९४). वीस-एकविशीची पोरगी, या भूमिकेसाठी सात आठवड्यांत अठरा किलो वजन वाढवलं. पण कौतुक वजनाचं नाही. म्युरिअल लग्नाच्या कपड्यांच्या दुकानांत जाऊन, लग्न ठरलेलं नसताना, एकेक पोशाख घालून बघते आणि फोटो काढून वहीत लावते. आरशात बघताना तिच्या तोंडावर जे हसू येतं ते मी ओळखते. आमच्या घरी 'बघायला' यायचे तेव्हा पाहुणे गेल्यावरही मी साडी लगेच सोडायचे नाही. नकार येणार हे माहीत असायचं. तरी तेवढा वेळ आरशात मी बरी दिसायचे.

दुसरं म्हणजे तिची आई. जीनी ड्रायनन हे नाव कुणी घेत नाही, म्हणून घेते. लग्नाच्या दिवशी म्युरिअल नवरीच्या थाटात चालत येते आणि आईच्या जवळून, तिच्याकडे न बघता निघून जाते. त्या बाईंनी चेहऱ्यावर तक्रार आणलेली नाही. मुलीचं लग्न झालं ना, मग झालं. मी सिनेमा तिथेच थांबवला आणि आईला फोन लावला, कोल्हापुरात रात्रीचा एक वाजला होता तरी.

नागपूर

एसी डेव्हिस, 'द बाबाडुक' (२०१४). भुताचा सिनेमा म्हणून लावला. निघाला तो न झोपणाऱ्या मुलाच्या एकट्या आईचा. जेनिफर केंटचा पहिला चित्रपट, सेटसाठी तीस हजार डॉलर लोकांकडून वर्गणीने जमवलेले. डेव्हिस यांचा थकवा मेकअपचा वाटत नाही. आवाज, खांदे, दुखरी दाढ धरून बसणं, सगळं थकलेलं. मुलावर ओरडण्याचे प्रसंग तर बघवत नाहीत. ते चित्रित करताना नोआ वाइजमन या सहा वर्षांच्या मुलाला बाजूला नेत, आणि त्याच्या जागी गुडघ्यावर उभ्या केलेल्या मोठ्या माणसाकडे बघून त्या ते बोलत. हे कळल्यावर माझा त्या सर्वांबद्दलचा आदर दुप्पट झाला. माझा मुलगा आता झोपतो. तेव्हा झोपायचा नाही.

पुणे

@नागपूर, हा तपशील लिहिलात ते फार बरं केलंत. नटाला सांभाळून घेणं हाही अभिनयाचाच भाग.

क्वीन्सलंड (चंद्रपूरचा, खाणीत नोकरी)

आरन पेडरसन, 'मिस्ट्री रोड' (२०१३). लेखन, दिग्दर्शन, छायालेखन, संकलन, संगीत सगळं एकट्या आयव्हन सेन यांचं. चित्रीकरण विंटनचं. त्या गावात १९१८पासूनचं उघड्या आभाळाखालचं थिएटर अजून आहे, कापडी खुर्च्यांवर बसून बघायचं. आमच्याकडच्या जत्रेतल्या तंबू सिनेमाची आठवण येते.

पेडरसन मूळनिवासी डिटेक्टिव्ह झालेत. पोलिसांना तो आपला वाटत नाही आणि स्वतःच्या लोकांना तो पोलीस वाटतो. मुलीचा खून झालाय, कुणालाच घाई नाही. प्रश्न विचारून झाल्यावर पेडरसन गप्प उभे राहतात. समोरचा काहीतरी बोलतोच, आणि बहुतेक वेळा अपमानाचं बोलतो. टोपीखाली जबडा किंचित हलतो, बाकी काही नाही. खाणीच्या पट्ट्यात वाढलेल्यांना हा माणूस माहीत असतो. आमच्याकडे गावातला जो मुलगा कंपनीत सुरक्षा अधिकारी होतो, त्याचं दोन्हीकडून असंच होतं.

सांगली

मी तोतरा बोलतो. सिनेमातला तोतरा नेहमी हशासाठी असतो हे लहानपणापासून पाहिलंय. 'सॅमसन अँड डेलायला' (२००९) बघेपर्यंत वेगळं काही पाहिलं नव्हतं.

दिग्दर्शक आणि छायालेखक वॉरिक थॉर्नटन. कानला पहिल्या चित्रपटासाठीचा 'कॅमेरा दोर' मिळाला. रोवन मॅकनमारा आणि मॅरिसा गिब्सन, दोघांनी आधी कधी अभिनय केलेला नव्हता. डेलायलाची आजी झाल्यात त्या मॅरिसाच्या खऱ्या आजी, चित्रकार मित्जिली नापानांगका गिब्सन. वाळवंटातली वस्ती, पेट्रोल हुंगणारा मुलगा, आजीला सांभाळणारी मुलगी. दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत.

सॅमसन संपूर्ण सिनेमात एकच शब्द बोलतो. पुलाखाली राहणारा गोंझो (दिग्दर्शकाचा भाऊ स्कॉट थॉर्नटन) नाव विचारतो, आणि सॅमसन स्वतःचं नाव सांगतो. अडखळत. पहिल्या अक्षरावर घसा अडतो, हनुवटी पुढे येते, डोळे बाजूला जातात. रोवनने हे कसं केलं माहीत नाही, पण नाव सांगणंच आम्हाला सगळ्यात अवघड जातं हे त्याने बरोब्बर पकडलंय. बाकी शब्द बदलता येतात. पाणीऐवजी जल म्हणता येतं. नावाला दुसरा शब्द नसतो. आणि तिथे कुणी हसत नाही, पार्श्वसंगीतही मदतीला येत नाही. आपण त्याच्याबरोबर थांबतो. इतका वेळ तो का गप्प होता ते मला त्या क्षणी कळलं, आणि मुलाखतीला जायच्या आधी मी तेवढाच भाग परत लावून बघतो.

मेलबर्न

पनवेलच्या काकांसाठी लिहितोय. काका, तुमच्या मायकेल कॅटनना 'लास्ट कॅब टू डार्विन' (२०१५) मध्ये जरूर बघा. सत्तरी ओलांडल्यावर केलेलं काम, आणि त्याला ऑस्ट्रेलियाचा उत्कृष्ट अभिनेत्याचा 'आक्टा' पुरस्कार मिळाला. ब्रोकन हिलचा टॅक्सीवाला रेक्स, पोटाचा कर्करोग. नॉर्दर्न टेरिटरीत १९९५ साली इच्छामरणाचा कायदा झाला होता, दोन वर्षांत केंद्राने तो निष्प्रभ केला. रेक्स त्यासाठी तीन हजार किलोमीटर टॅक्सी चालवत डार्विनला निघतो.

मीही इथे टॅक्सी चालवतो. सिनेमात नट गाडी चालवताना सहसा रस्ता सोडून सगळीकडे बघतात. कॅटन बघत नाहीत. महत्त्वाचं बोलायचं असलं की आम्ही लोक रस्त्याकडे बघूनच बोलतो, त्यामुळे बोलणं सोपं जातं. रेक्स आयुष्यभर तेवढंच शिकलाय, आणि समोरच्या घरातल्या पोलीशी तोंडासमोर बोलायची वेळ येते तेव्हा त्याला जमत नाही. पोली मूळनिवासी आहे, आणि दोघांचं नातं त्याने चारचौघांत कधी मान्य केलेलं नाही. पोली झालेल्या निंगाली लॉफर्ड-वूल्फ त्याला रस्त्याच्या पलीकडून जे सुनावतात, त्यात राग किती आणि माया किती हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं. उद्याची पाळी संपली की लिहितो, तोवर आणखी कुणी पाहिला असेल तर लिहा.