मदत हवी आहे: १९११ चा 'डुकरी' रुपया खरा की सन खोडलेला?

पंचम जॉर्जचा १९११ चा चांदीचा रुपया सराफ बाजारात घाईत, पावतीशिवाय साडेचार हजारांना घेतला. परत करणं शक्य नाही.

केलेल्या तपासण्या: वजन ११.५४ ग्रॅम (मूळ ११.६६, झीज धरून ठीक). काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता पूर्ण बुडवून धरल्यावर काट्यावर १.१२ ग्रॅम वाढले, म्हणजे घनता १०.३. चांदी खरी, चुंबकालाही दाद नाही. चिंच-लिंबू काही लावलेलं नाही.

शंका दोन. सनातला शेवटचा १ इतर अंकांपेक्षा बारीक आहे आणि भिंगातून त्याच्याभोवती ओरखडे दिसतात. १९१७ चा ७ तासलाय का? नाण्यावरच्या राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती बघून सुटलं असतं (१९११ ला आखूड सोंडेमुळे तो डुकरासारखा दिसायचा, म्हणून तर 'डुकरी' रुपया, पुढे साचा सुधारला), पण नेमका तोच भाग घासलाय. शिवाय वरच्या कडेचे तीनेक मिलिमीटर दाते सपाट, तिथे डाखाचा करडा ठिपका. माळेचं कडं काढलं असावं.

सोंड दिसत नसेल तर १९११ चा साचा आणखी कशावरून ओळखायचा? आणि अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेत खाजगी नाणं तपासून देतात का?