रिकाम्या खाटा, पण कुठल्या?

'कोरोनाकाळात मुंबईत बीकेसीच्या जम्बो केंद्रात (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या कोविड रुग्णालयात) खाटा रिकाम्या पडल्या होत्या, म्हणजे लॉकडाऊन उगाचच,' असं काही जण म्हणतात. अहो, पण कुठल्या खाटा? गरज होती ऑक्सिजनची, आयसीयूची. एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन संपत आला म्हणून पालिकेच्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण एका रात्रीत हलवावे लागले. खाटा होत्याच की तेव्हा! उलट जानेवारी २०२२ मध्ये दिवसाला २० हजारांवर रुग्ण सापडले तरी लोकल चालू राहिली, कारण बहुतेकांना दाखल करावंच लागलं नाही.

त्याआधीच्या लॉकडाऊनमध्ये सर्वसामान्यांवर घातलेल्या लोकलबंदीचं मात्र मी समर्थन करणार नाही. नालासोपारा-बदलापूरच्या नोकरदारांना बसच्या रांगेत तासन्‌तास चेंगरत उभं करून कसलं डोंबलाचं अंतर राखलं?